वाढदिवसाच्या कागदी पिशव्या: बूड जमलं की पिशवी जमली

रिटर्न गिफ्टच्या कागदी पिशव्या घरी कशा करायच्या हे सांगणारे बहुतेक जण सजावटीतच रमतात. रिबीन कुठली, टिकल्या कुठल्या, नाव कोणत्या रंगात. पिशवी फाटते मात्र बुडाशी, आणि त्याबद्दल ‘आता खालचा भाग दुमडून चिकटवा’ एवढंच सांगून मोकळे होतात. इथे सजावटीला दोन ओळी पुरतील.

कागद १०० ते १२० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. साधा खाकी कागद उत्तम. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, रंगपेटीचं वजनही त्याला सोसत नाही. २०० च्या पुढचं कार्डशीट घडीवर तडकतं आणि चिकटवलेलं बूड उसळून उघडतं. प्लॅस्टिकचा थर असलेल्या चकचकीत कागदाला पांढरा गोंद धरत नाही.

ए-३ आकाराचा कागद आडवा ठेवला की ४२ सेंटीमीटर लांब आणि २९.७ उंच असतो. डावीकडून मापं घ्या: २ (चिकटवायची पट्टी), १३ (पुढचा भाग), ७ (बाजू), १३ (मागचा भाग), ७ (दुसरी बाजू). बेरीज बरोबर ४२ होते, काहीच कापावं लागत नाही. वरून ४ सेंटीमीटरवर एक आडवी रेघ, ती आत दुमडायची कड. खालून ५ सेंटीमीटरवर दुसरी, ते बूड. तयार पिशवी साधारण साडेवीस सेंटीमीटर उंच होते.

रेघा मारण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या घडीला तो सहज वळतो, त्या घडीला समांतर त्याचे तंतू असतात. पिशवीच्या लांब घड्या उभ्या असतात, म्हणून उभ्या घडीला कागद सहज वळायला हवा. तसं नसेल तरी पिशवी होते, फक्त घड्या जास्त दाबून घ्याव्या लागतात.

आता बूड. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच. प्रचलित पद्धत अशी की आधी कागदाची नळी चिकटवायची, ती चपटी करून खालचा भाग वर दुमडायचा, मग तो उघडून दोन्ही कोपरे दाबायचे. पातळ कागदावर हे जमतं. जाड कागदावर घडी केसभर तिरकी गेली की पिशवी एका अंगाला झुकते, आणि चिकटवलेल्या नळीवर पट्टी ठेवून नीट मोजताही येत नाही. म्हणून बुडाच्या सगळ्या घड्या कागद सपाट असतानाच पाडून घ्या.

त्यासाठी संपलेली बॉलपेनची रिफिल आणि स्टीलची पट्टी पुरे. सगळ्या उभ्या-आडव्या रेघांवरून रिफिल दाबून फिरवा. मग पुढच्या आणि मागच्या भागाच्या बुडाच्या पट्टीवर, दोन्ही टोकांपासून आत जाणाऱ्या ४५ अंशांच्या तिरक्या रेघा दाबा. ५ सेंटीमीटर खाली उतरताना ही रेघ ५ सेंटीमीटर आत सरकते, म्हणजे खालच्या कडेला दोन तिरक्या रेघांमध्ये ३ सेंटीमीटर उरले पाहिजेत. उरत नसतील तर माप चुकलंय, पुढे जाऊ नका. जिथे या रेघा एकत्र येतात तिथे रिफिल अगदी हलकी चालवा. जोर दिलात की कोपऱ्यात भोक पडतं.

आणि कात्री लांब ठेवा. खोक्यासारख्या चार पाकळ्या कापून घ्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. कापल्यावर घडी सोपी होते हे खरं, पण प्रत्येक कोपऱ्यात फट राहते, तिथून मणी गळतात आणि पिशवी उचलली की फाटायला सुरुवातही तिथूनच होते.

सजावट करायची ती याच टप्प्यावर, कागद सपाट असताना. ठसे, चित्रं, नाव, जे आवडेल ते. कडेपासून एक सेंटीमीटर आत राहा.

वरची कड आत दुमडून चिकटवा, मग २ सेंटीमीटरच्या पट्टीनं नळी जोडा. पट्टीला गोंद अगदी खालपर्यंत लागू द्या, नाहीतर बुडाचा तो कोपरा उघडतो. नळी चौकोनी करून आत १३ बाय ७ ला किंचित कमी भरेल असं खोकं किंवा पुस्तकांची चवड ठेवा आणि पिशवी उलटी उभी करा. दाबायला खाली काहीतरी टणक लागतंच. आधी ७ सेंटीमीटरच्या दोन्ही बाजू आत. तसं केलं की तिरक्या घड्या आपोआप मुडपतात आणि पुढची-मागची पट्टी निमुळती होते. मागची पट्टी खाली दाबून चिकटवा, तिच्यावर पुढची. दोन्ही ३ सेंटीमीटर एकमेकींवर येतात, तेवढी पकड पुरते.

सपाट बुडाच्या पिशव्या करणारं यंत्र बनवायलाही कुणाला तरी डोकं खपवावं लागलं होतं. मार्गारेट नाइट यांना त्याचं अमेरिकी पेटंट १८७१ मध्ये मिळालं. तेव्हा तुमचं पहिलं बूड वाकडं आलं तर मनाला लावून घेऊ नका. पहिली पिशवी रद्दी कागदावर करा.

गोंदाबाबत माझं मत पक्कं आहे: बुडाला पांढरा गोंद, ब्रशनं पातळ लावलेला. जाड थर दिला की कागद सुरकुततो. ग्लू स्टिक वाळल्यावर सुटते. स्टेपलर तर मुलांच्या पिशवीला नकोच, पिना बोटांना लागतात. वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. मग १२.७ बाय ६.७ सेंटीमीटरचा पुठ्ठ्याचा तुकडा आत तळाशी बसवा. तो चिकटवला नाही तरी चालतं.

बाजूच्या घड्या वरून चिमटून आत दाबा आणि बुडाच्या चार सेंटीमीटर वरच थांबा, नाहीतर पिशवी उभी राहत नाही.

पिशवीला धरायचे बंद हवेतच असं माझं म्हणणं नाही. हवेच असतील तर वरच्या दुहेरी कडेत भोकं पाडून दोरी ओवा आणि गाठी आतून मारा.

भरताना जड वस्तू तळाशी. पाहुण्यांत तीन वर्षांखालची मुलं असतील तर त्यांच्या पिशव्या वेगळ्या भरा आणि त्यांत मणी, गोट्या, फुगे यांतलं काहीही घालू नका. भावंडांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या पिशव्यांचा कागदच वेगळ्या रंगाचा घ्या.