दोरा गुंडाळून चेंडू करणारी यंत्रे: या कामात येणाऱ्यांसाठी काही अनुभव

या कामावर शिकाऊ म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी यंत्र हाताळायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माझ्या हाती बुचाचा एक गाभा आणि लोकरीच्या दोऱ्याचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे रीळ, देण्यात आला, आणि पुढचे तीन दिवस हातानेच चेंडू गुंडाळण्यास सांगण्यात आले. त्या वेळी मला ती थोडीशी शिक्षाच वाटली होती. आज मात्र या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तेवढेच करायला सांगते, कारण हाताने दोरा गुंडाळताना आपण नकळत जे करतो तेच यंत्राकडून करवून घेणे हा या तंत्राचा सगळा गाभा आहे.

हाताने गुंडाळताना चार-सहा वेढे झाले की बोटे आपोआप चेंडू थोडासा वळवतात. तसे केले नाही तर काय होते, हे एकदा मुद्दाम करून पाहावे. फिरत्या गोलावर ताणलेला दोरा नेहमी त्याच्या सर्वांत रुंद भागावर, म्हणजे पृथ्वीवरच्या विषुववृत्तासारख्या रेषेवर बसू पाहतो, कारण तेथून तो घसरत नाही. गोलाचा अक्ष स्थिर ठेवला तर सारे वेढे त्याच पट्ट्यात साचतात आणि थोड्याच वेळात चेंडूऐवजी फुगीर चकती हाती येते. म्हणून दोरा गुंडाळला जात असतानाच अक्षाची दिशा सतत बदलत राहिली पाहिजे, आणि तीही अशी की कोणताही वेढा आधीच्या वेढ्याच्या नेमक्या वाटेने पुन्हा जाऊ नये.

हे साधण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. सुतळीचे गोळे करणाऱ्या यंत्रात गोळा तिरप्या चातीवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, सावकाश फिरतो आणि दोरा वाहून नेणारी भुजा त्याच्याभोवती वेगाने फेऱ्या घेते. चातीचा कल आणि दोन्ही वेगांचे गुणोत्तर यांवर गोळ्याचा आकार व वेढ्यांची नक्षी ठरते. खेळाच्या चेंडूंसाठी ही पद्धत फारशी सोयीची नाही, कारण तेथे गाभ्यात चाती खुपसता येत नाही. तेथे गाभा फिरत्या रोलरांवर नुसता टेकलेला असतो आणि वरून दुसरा एखादा रोलर त्याला दाबून धरतो. खालच्या दोन रोलरांपैकी एक आपल्या लांबीच्या दिशेने पुढे आणि दुसरा मागे सरकला, की फिरता फिरता चेंडू उभ्या अक्षाभोवतीही वळतो. हाताची बोटे जे करत होती ते काम येथे हे दोन रोलर करतात. पुढची चर्चा मी या दुसऱ्या प्रकाराबद्दलच करणार आहे, कारण माझी बहुतेक वर्षे त्याच यंत्रांवर गेली आहेत.

नवोदितांचा सर्वांत जास्त गोंधळ ताणाविषयी होतो. दोरा कोनावरून निघून चेंडूपर्यंत पोहोचेपर्यंत त्याच्या वाटेत दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू येतात. दोन चकत्यांमध्ये दोरा दाबून धरणारा ताणक आधीच्या ताणात ठरावीक भर घालतो. खुंटीला किंवा मार्गदर्शक कड्याला वळसा घालून जाणारा दोरा मात्र आधीच्या ताणाचा गुणाकार करतो. घर्षणांक ०.२५ धरला तर अर्ध्या वळशाने ताण सुमारे २.२ पट होतो आणि असे दोन अर्धे वळसे मिळून तो सुमारे ४.८ पट होतो. आता कोनावरून येणारा दोरा कधी २० ग्रॅम तर कधी ३० ग्रॅम ताणाने निघत आहे असे समजा. १०० ग्रॅमची भर घालणाऱ्या चकत्यांमधून तो १२० ते १३० ग्रॅम ताणाने बाहेर पडेल, तर दोन खुंट्यांवरून तोच दोरा ९६ ते १४४ ग्रॅमपर्यंत हेलकावे खाईल. दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखी असल्यामुळे नुसती सरासरी पाहणाऱ्याला फरक कळत नाही. चेंडूला तो पुरेपूर कळतो. दोरा ओवताना कोणीतरी सोयीसाठी एखाद्या खुंटीला जास्तीचा वळसा देतो आणि मग कामाची सारी पाळी ताणकाचा स्क्रू फिरवण्यात जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वी दोऱ्याची संपूर्ण वाट डोळ्यांनी तपासावी आणि प्रत्येक कड्याच्या आतून नख फिरवावे. दोऱ्याने कोरलेली बारीक खाच नजरेआधी नखाला लागते.

ताण बरोबर आहे की नाही, हे तयार चेंडूवरून कसे ओळखावे? याचे उत्तर यंत्र कोणत्या संकेतावर थांबते यावर अवलंबून आहे, आणि नव्या यंत्रापुढे उभे राहिल्यावर मी विचारते तो पहिला प्रश्नही हाच असतो. यंत्र दोऱ्याची लांबी मोजून थांबत असेल तर वजन जवळपास ठरलेलेच असते, आणि ताणातील चूक व्यासात उतरते: ताण जास्त झाला की चेंडू लहान निघतो. यंत्र व्यास मोजून थांबत असेल तर नेमके उलट होते. ताण जास्त झाला की तेवढ्याच व्यासात अधिक दोरा मावतो आणि चेंडू जड भरतो. हे ठाऊक नसलेला माणूस व्यास मोजणाऱ्या यंत्रावर कॅलिपर (व्यास मोजण्याचे हत्यार) लावून सगळे उत्तम आहे असे समजत राहतो.

मोजमापांचा अंदाज यावा म्हणून बेसबॉलचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या मेजर लीगमधील चेंडूत रबराचे वेष्टण असलेला बुचाचा गाभा असतो आणि त्यावर चार थर गुंडाळले जातात: आधी चारपदरी करड्या लोकरीचा १२१ यार्ड दोरा, मग तीनपदरी पांढऱ्या लोकरीचा ४५ यार्ड, मग तीनपदरी करड्या लोकरीचा ५३ यार्ड आणि शेवटी १५० यार्ड बारीक दोरा. हा सारा दोरा ३६९ यार्ड, म्हणजे सुमारे ३३७ मीटर भरतो. तयार चेंडूचे वजन ५ ते ५¼ औंस आणि परीघ ९ ते ९¼ इंच यांच्या दरम्यान असावा लागतो, म्हणजे वजन आणि आकार या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात. गुंडाळण्याचे काम यंत्र करते; वरचे चामडे मात्र आजही हाताने, १०८ दुहेरी टाक्यांनी शिवले जाते.

चेंडू वाढत जातो तसतसे सगळे हिशेब बदलतात. रोलरचा पृष्ठवेग कायम असल्यामुळे दोरा एकाच वेगाने ओढला जातो, पण चेंडूचे फेरे कमी कमी होत जातात. व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे होतात. शिवाय ३५ मिलिमीटर व्यासाच्या गाभ्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर चढवायला जेवढा दोरा लागतो, त्याच्या सुमारे चौपट दोरा ७० मिलिमीटर व्यासाजवळ तेवढ्याच जाडीच्या थराला लागतो. त्यामुळे सुरुवातीला चेंडू झपाट्याने फुगताना दिसतो आणि शेवटी तो वाढतच नाहीसा वाटतो.

याच गोष्टीने दुसऱ्या वर्षी मला चांगलेच रडवले. उत्पादन वाढवण्यासाठी आमच्याकडे रोलरचा पृष्ठवेग सेकंदाला १ मीटरवरून १.०५ मीटर करण्यात आला होता, आणि त्या आठवड्यापासून चेंडूंना एक हलकासा उंचवटा येऊ लागला. मी दोन दिवस ताणकाशी झुंजले. तिसऱ्या दिवशी एका अनुभवी फिटरने एक चेंडू माझ्या हातात दिला आणि तो हातानेच सावकाश उलगडायला सांगितले. वरचा दोरा सगळ्या बाजूंनी इकडून तिकडून सुटत होता. मग एका ठिकाणी तो एका ठरावीक लयीत, टक् टक् करत, पुन्हा पुन्हा त्याच वाटांनी सुटू लागला. तेथे थांबून कॅलिपर लावला तेव्हा व्यास ६७ मिलिमीटर भरला. वेढे एकमेकांवर चढून दोरखंडासारखी चकचकीत पट्टी तयार झाली होती.

कागदावर हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. रोलर सेकंदाला एकदा पुढेमागे सरकत होता. ६७ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा परीघ २१० मिलिमीटर असतो, म्हणजे १.०५ मीटर वेगाने सेकंदाला बरोबर पाच फेरे होतात. गुणोत्तर असे पूर्णांकी झाले की दर सेकंदाला चेंडू पुन्हा त्याच स्थितीत येतो आणि दोरा जुन्याच वाटांवर बसतो. जुन्या वेगात हेच पाचाचे गुणोत्तर सुमारे ६४ मिलिमीटरवर येत असे. तेथे जाड दोरा चालू असल्यामुळे चेंडू ती जागा चटकन ओलांडून जाई. आमच्या चेंडूत बारीक दोरा ६५ मिलिमीटरपासून सुरू होत असे आणि त्यावर व्यास अत्यंत हळू वाढतो, त्यामुळे नव्या वेगात चेंडू त्या घातक गुणोत्तराजवळ बराच वेळ रेंगाळू लागला. रोलरच्या पुढेमागे सरकण्याचा वेगही पाच टक्क्यांनी वाढवला आणि उंचवटा गेला. पुढे त्या वेगाला सतत थोडी चढउतार देण्याची सोयही करून घेतली, जेणेकरून कोणतेच गुणोत्तर फार काळ टिकू नये. ती सोय मुळातच असायला हवी होती, असे माझे आजही मत आहे.

लोकरीबद्दल एक सावधगिरी सांगते. २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, आणि दमट हवेत त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून दमट गोदामातून थेट आणलेल्या दोऱ्याचे चेंडू आज वजनात बसतात आणि आठवड्याने हलके भरतात. कोन आणि चेंडू दोन्ही ठरावीक हवेत ठेवल्यानंतरच घेतलेले वजन मी ग्राह्य धरते.

या क्षेत्राचा एक भाग जवळजवळ लोप पावला आहे, हेही नवोदितांना ठाऊक असावे. १८९८ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे कोबर्न हॅस्केल आणि बर्ट्रम वर्क यांनी ताणलेला रबरी धागा गुंडाळलेला गोल्फचा चेंडू तयार केला. सुरुवातीला हे कष्टाचे काम हाताने होई. नंतर जॉन गॅमेटर यांनी त्यासाठी स्वयंचलित यंत्र बनवले आणि जवळजवळ शतकभर गोल्फचे चेंडू असेच गुंडाळले गेले. २००० नंतर थोड्याच वर्षांत भरीव गाभ्याच्या चेंडूंनी त्यांची जागा घेतली. असा जुना चेंडू कुतूहलापोटी कापू नये. त्यातील धागा कमालीचा ताणलेला असतो आणि काहींच्या गाभ्यात दाबाखाली भरलेला द्रव असतो, ज्यामुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

सुरक्षेचे नियम तुम्हाला फलकावर वाचायला मिळतीलच. त्यांत न लिहिलेले एवढेच सांगते. दोरा तुटला की सुटे टोक पकडण्यासाठी हात आपोआप पुढे जातो, आणि चेंडूला वेढा घालणारा दोरा बोटालाही तितक्याच सहजपणे वेढा घालतो. यंत्र थांबेपर्यंत हात पाठीमागे धरण्याची सवय मला लावावी लागली आणि ती लागायला सहा महिने गेले.

यंत्र-अभियांत्रिकीतून आलेल्यांना दोऱ्याचा पीळ, पदर आणि आर्द्रता यांचा अभ्यास करावा लागतो, तर वस्त्रतंत्रातून आलेल्यांना रोलर, कॅम आणि मोटरचे नियंत्रण शिकावे लागते. निवडीसाठी बसते तेव्हा मी उमेदवारापुढे एक बिघडलेला चेंडू ठेवते आणि काहीच विचारत नाही. बहुतेक जण तो हातात फिरवून पाहतात, काही जण कॅलिपर मागतात. एखादाच असा निघतो जो दोऱ्याचे टोक शोधून चेंडू उलगडायला लागतो.