अंगावरून पांढरं जाणं आणि ती खाज, माझा अनुभव

मे मधलं जळगावचं ऊन म्हणजे विचारूच नका, त्यात माझा दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झालेला आणि तो संपतो न संपतो तोच खाली अशी खाज सुटली की झोप नाही, लघवीला गेलं की आग, चड्डीवर दह्याच्या कवड्यांसारखं घट्ट पांढरं, वास मात्र काही नाही. जेठाणी म्हणे उष्णता झाली, सब्जा पी. प्यायले, गार वाटलं, खाज तशीच!

मग लेडी डॉक्टरकडे गेले. तपासून म्हणाल्या कॅन्डिडा, म्हणजे बुरशी, अँटिबायोटिकने आतले चांगले जंतूही मरतात मग ही वाढते. क्लोट्रिमाझोल म्हणजे बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या, झोपताना योनीत सरकवायच्या, सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो तो औषधाचाच. शुगरही करायला लावली कारण ती वाढलेली असली की हे परत परत होतं, माझी नॉर्मल निघाली. खाज हळूहळू गेलीच.

बाकी थोडं पांढरं सगळ्यांनाच जातं बरं का, दोन पाळ्यांच्या मध्ये तार धरणारं पारदर्शक जातं तेही नॉर्मलच. करडं, पातळ आणि मासळीचा वास असेल तर ते बॅक्टेरियाचं, त्याला माझं औषध चालत नाही. पिवळट हिरवं फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा एक परजीवी, असू शकतो, त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, तो कितीही कुरकुरला तरी.

सुगंधी वॉश मी बंदच केला, बाहेरून साधं पाणी बस. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, मध्येच रक्त जात असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेऊ नका, सरळ दवाखाना गाठा.