बंद पडलेला ऑडिओ गेम कसा जपायचा

ऑडिओ गेम म्हणजे आवाजावर खेळायचा गेम. त्याचा मूळ इन्स्टॉलर जसाच्या तसा ठेवा. इन्स्टॉलरचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे तपासायचा अंक-अक्षरांचा ठसा) साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. ती कुठलाही स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वाचतो. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले काही गेम नव्या विंडोजवर सुरूच होत नाहीत, कारण त्यात डीएक्स८व्हीबी.डीएलएल (dx8vb.dll, डायरेक्टएक्स ८ची फाइल) नसते. ६४-बिट विंडोजवर ही फाइल सिसवॉव६४ (SysWOW64, ३२-बिट फाइलींच्या) फोल्डरमध्ये टाकून तिथल्याच रेगएसव्हीआर३२ (regsvr32) या विंडोजच्या नोंदणी प्रोग्रामने नोंदवा. सिस्टम३२मध्ये (तो ६४-बिट फाइलींचा फोल्डर) टाकली तर ३२-बिट गेमला ती सापडत नाही.

विक्री थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही. निर्मात्याला लेखी विचारा: प्रत वाटू का? लायसन्स-की (गेम उघडायचा कोड) मोफत द्याल का? होकाराचा ईमेल गेमसोबतच ठेवा. उत्तर आलं नाही, तर नुसता हॅश, आवृत्ती आणि कीबोर्डची माहिती जाहीर करा, गेम नको. क्रॅक केलेली (लायसन्सचं कुलूप तोडलेली) प्रत तर वाटूच नका.