लॅबमध्ये डिस्कलेस करायचं की प्रत्येक पीसीवर इन्स्टॉल? नवीन लॅब असिस्टंट मंडळींसाठी

बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमा करून नुकतेच कॉलेजच्या लॅबला लागलेल्या मुलांचे फोन येत असतात, प्रश्न जवळपास एकच, की सर पीसी जुने आहेत, हार्डडिस्क जायला लागल्यात, 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा सपोर्टपण बंद झालाय आणि 11 या प्रोसेसरवर चढत नाही, तर लिनक्स टाकून डिस्कलेस (पीसीत हार्डडिस्कच नाही, सगळे सर्व्हरवरून नेटवर्कने चालू होतात) करू का एसएसडी आणून सगळीकडे इन्स्टॉल मारू? मी उलट विचारतो, लॅबला स्विच (सगळे पीसी नेटवर्कला जोडणारा डबा) कुठला आहे? तिकडून शांतता.

आधी एक घोळ मिटवू. डिस्कलेस म्हटलं की जुन्या लोकांना थिन क्लायंट आठवतो, म्हणजे सगळं सर्व्हरवर चालणार आणि पोरांसमोर नुसता स्क्रीन येणार. एलटीएसपी (डिस्कलेस लॅबसाठीचं लिनक्स सॉफ्टवेअर) 1999 ला सुरू झालं तेव्हा तसंच होतं. आता बहुतेक ठिकाणी तसं करत नाहीत. पीसी चालू केला की नेटवर्क कार्डातलं पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) डीएचसीपीकडून (पीसींना आयपी वाटणारी सेवा) आयपी आणि बूट फाइलचं नाव घेतं, टीएफटीपीने (फाइल पाठवायची साधी पद्धत) ती छोटी फाइल ओढतं, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) येतो, मग सर्व्हरवरची एकच इमेज (ओएस आणि सॉफ्टवेअरची तयार प्रत) एनएफएसने (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरायची पद्धत) माउंट होते, म्हणजे जोडली जाते आणि तिथून पुढे प्रोसेसर, रॅम सगळं त्या पीसीचंच वापरलं जातं. त्यामुळे सर्व्हर फार दांडगा लागत नाही, पण क्लायंटला 4 जीबी रॅम तरी पाहिजेच, कारण चार टॅब उघडले की ब्राउझर ती खातो आणि डिस्क नाही म्हणजे नेहमीचं स्वॅपही (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही.

आता स्विच. सर्व्हरचा पोर्ट 100 एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला फार तर 12 एमबी जातात, आणि सकाळच्या बॅचला 30 पोरांनी एकदम बटण दाबलं की तेवढ्याच 12 एमबीत सगळ्यांनी भागवायचं, मग लॉगिन स्क्रीन येईपर्यंत हजेरी घेऊन होते. गिगाबिटला तेच 110 च्या आसपास. सर्व्हरला महागडी डिस्क घ्यायच्या मागे लागू नका, सगळे एकच इमेज वाचतात, ती एकदा वाचली की बरीचशी सर्व्हरच्या रॅममध्येच राहते, पैसा रॅम आणि स्विचवर घाला. अजून एक, मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) असेल आणि क्लायंटवर पीएक्सई-ई51 असं काहीतरी येऊन डीएचसीपी ऑफर मिळाली नाही म्हणत असेल, तर सर्व्हर उघडायच्या आधी स्विचवरचं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ नये म्हणून असलेली सोय) बघा. लिंक वर आल्यावर पोर्ट सुमारे 30 सेकंद काही पुढे पाठवत नाही आणि तेवढ्यात पीएक्सई हात वर करतं. क्लायंटच्या पोर्टला पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारी सेटिंग) लावलं की झालं.

डिस्कलेसचं सुख खरंच मोठं आहे हे मान्य. नवीन सॉफ्टवेअर एका इमेजमध्ये टाका, इमेज परत बनवा, पीसी रिस्टार्ट करा, संपलं. पोरांनी सेटिंग बिघडवली तरी रिस्टार्ट. दिवसातून दोनदा लाइट जाते अशा गावात तर फाइलसिस्टम करप्ट व्हायची भीतीच नाही कारण क्लायंटवर लिहायला डिस्कच नाही.

पण प्रॅक्टिकलची यादी हातात घेऊन बसा, कारण खरी गोची तिथे आहे. सी, पायथन, जावा, एचटीएमएल असेल तर बिनधास्त डिस्कलेस. डीबीएमएस असेल तर मायएसक्यूएल क्लायंटवर चालवूच नका, इमेजवर केलेले बदल रॅममध्ये राहतात, रिस्टार्ट झालं की पोराचं टेबल गायब आणि पोरगं तुमच्या टेबलापाशी. होम फोल्डर सर्व्हरवर असतं म्हणून तिथल्या फाइल राहतात, डेटाबेस तिथे नसतो. एकाच मशीनवर मायएसक्यूएल ठेवून प्रत्येकाला वेगळा युजर द्या. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) शिकवत असतील तर डोकेदुखी, कारण रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टम, आधीच ओव्हरलेएफएसवर (मूळ इमेज तशीच ठेवून बदल वरच्या थरात ठेवणारी फाइलसिस्टम) असतो आणि त्याच्यावर डॉकरचं ओव्हरले नीट बसत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ तर नेटवर्कवरच्या होममध्ये इतक्या बारीक फाइली लिहितो की बघवत नाही. आणि कॉमर्सवाल्यांचं टॅली किंवा सिव्हिलचं ऑटोकॅड असेल तर विषयच संपला, विंडोज आणि लोकल डिस्क. तिथे एक पीसी नीट तयार करायचा आणि क्लोनझिलाने (डिस्कची कॉपी करायचं सॉफ्टवेअर) मल्टिकास्ट करून बाकीच्यांवर सोडायचा, म्हणजे डेटा एकदाच जातो आणि सगळे पीसी सोबत भरतात.

तुमची ऑर्डर 11 महिन्यांची, कंत्राटी असेल तर अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जड. लोकल इन्स्टॉलमध्ये एक पीसी गेला तर एक पोरगं दुसऱ्याजवळ बसतं. डिस्कलेसमध्ये सर्व्हर गेला की एक्स्टर्नल एक्झामिनर समोर बसलेले आणि अख्खी लॅब थंड. मग सर्व्हरची इमेज आणि कॉन्फिग दुसऱ्या मशीनवर तयार पाहिजे, सर्व्हरबरोबर स्विचपण यूपीएसवर पाहिजे (हा हमखास राहतो), आणि तुम्ही रजेवर असताना किंवा ऑर्डर संपल्यावर हे बघणारा दुसरा माणूस पाहिजे. असा माणूस कॉलेजात नसेल तर मी सरळ एसएसडी घ्या म्हणतो, मग तांत्रिकदृष्ट्या डिस्कलेस कितीही भारी असो.

शिकून मात्र ठेवाच. डेटा सेंटरमध्ये नवीन सर्व्हरवर ओएस चढवतात तेही बऱ्याचदा पीएक्सईनेच, आणि इंटरव्ह्यूला डीएचसीपीपासून रूट माउंटपर्यंतचा क्रम न अडखळता सांगितला की समोरचा पुढचे प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारतो. घरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन करा, एकावर डेबियन आणि एलटीएसपी, दुसरं बिनडिस्कचं, दोन्ही इंटरनल नेटवर्कवर. कॉलेजच्या चालू नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर सोडू नका, ऑफिसचं नेट बंद पडतं आणि मग प्राचार्यांचा फोन येतो. तिथे करायचंच असेल तर डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि टीएफटीपी देणारं छोटं सॉफ्टवेअर) प्रॉक्सी मोडमध्ये लावा, आयपी राउटरच देतो आणि तुमचा सर्व्हर फक्त बूटची माहिती.