समरी सूटचं समन्स आलंय? बचावाची परवानगी अशी मागा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या वसुली दाव्यात (समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा) कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तो कोर्टाकडे मागावा लागतो. म्हणून समन्स हातात पडताच वादपत्राचा मथळा पाहा. दावा आदेश ३७ खाली असल्याचा उल्लेख दाव्याच्या क्रमांकाखालीच असतो.

समन्स बजावल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवा: वकीलपत्र आणि नोटिशीसाठीचा पत्ता. त्याच दिवशी वादीच्या वकिलाला तसं कळवा आणि पोच जपून ठेवा. ही मुदत चुकली तर वादीचं म्हणणं कबूल धरून हुकूमनामा (डिक्री) होऊ शकतो. पत्ता नीट द्या. तिथे ठेवलेली नोटीस एरवी बजावली गेली असंच धरतात, मग तुम्ही ती वाचलेली असो वा नसो.

हजेरी लागली की बरेच जण पुढच्या तारखेची वाट पाहत बसतात, आणि घात होतो तो इथेच. यानंतर वादी 'समन्स फॉर जजमेंट', म्हणजे निकाल मागणारं दुसरं समन्स, बजावतो. त्या दिवसापासून पुन्हा १० दिवस मोजायचे आणि तेवढ्यात प्रतिज्ञापत्रासह बचावाच्या परवानगीचा अर्ज द्यायचा.

सगळं वजन या प्रतिज्ञापत्राचं. 'रक्कम मान्य नाही, दावा खोटा आहे' एवढ्याने काही साधत नाही. सदोष माल कोणत्या तारखेला परत केला, कोणत्या चलनाने, तक्रारीचं पत्र कधी गेलं, कोणता हप्ता खात्यातून वळता झाला, हे लिहा आणि कागद जोडा. दावा मुदतबाह्य असेल किंवा लेखी करारावर आधारलेलाच नसेल, तर तो मुद्दा आधी घ्या.

'थोडेफार देणं आहे' असं सहज लिहून जाऊ नका. जेवढी रक्कम कबूल कराल तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. खरोखर देणं असेल तर नेमका आकडा लिहा आणि पैशांची तजवीज आधीच करा.

बचाव भक्कम असेल तर बिनशर्त परवानगी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन प्रकरणात याच्या पायऱ्या घालून दिल्या. बचाव शक्य पण पटण्याजोगा नसेल, तर परवानगीला शर्त घालून व्याजासह पूर्ण रक्कमही भरायला लावता येते. शर्तीची तारीख हुकली की वादी लगेच हुकूमनामा मागू शकतो.

उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज द्या. हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी याच आदेशाचा नियम ४ आहे, पण तिथे गैरहजेरीचं खास कारण आणि बचावातलं तथ्य, दोन्ही दाखवावी लागतात.