दक्षिण काळी हवी: खान्देशात तारे बघायची जागा कशी हेरावी

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या गच्चीवरून मृग दिसतो, व्याध दिसतो, सप्तर्षी ओळखता येतात. आकाशगंगा मात्र दिसत नाही. ती बघायची तर गावाबाहेर पडावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची दिशा चुकते. अंधार म्हणजे जंगल, जंगल म्हणजे सातपुडा, असा हिशेब करून लोक उत्तरेला यावल-चोपड्याच्या पायथ्याला जातात. पाठीमागे डोंगर काळाकुट्ट असतो, पण समोर दक्षिणेला तापीचं अख्खं खोरं दिव्यांनी उजळलेलं असतं. यावलच्या वरच्या पायथ्यावरून पाहिलं तर भुसावळ आणि जळगाव दोन्ही दक्षिणेच्या बाजूला, पंचवीस-तीस किलोमीटरवर येतात. आणि बघण्यासारखं बरंचसं दक्षिणेलाच असतं.

खान्देश साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर फक्त २१ अंशांवर दिसतो आणि दक्षिणेचं बरंच आकाश आपल्या वाट्याला येतं. अगस्त्य दक्षिणेला १६ अंशांपर्यंत चढतो. नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा हा तारकागुच्छ २१ अंशांपर्यंत येतो. त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, सरळ उभा राहतो तेव्हा त्याचा खालचा तारा क्षितिजापासून ६ अंशांवर आणि वरचा १२ अंशांवर असतो. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, धनु-वृश्चिकाकडचा, ४० अंशांच्या आसपास चढतो. तेव्हा जागा निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: दक्षिणेला काय आहे? शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला, राहिलं पाहिजे.

अंतराचा एक ढोबळ नियम आहे. शहरापासूनचं अंतर दुप्पट केलं की आकाशात चढणारी उजेडाची झाक निम्मी होत नाही, ती साडेपाच पटींहून जास्त कमी होते. म्हणून दहाचे वीस किलोमीटर केले तर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पन्नासचे साठ केले तर डोळ्याला फारसं काही कळत नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे होतं, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास. एवढ्या शहरासाठी तीस किलोमीटर हे किमान, चाळीस उत्तम. चोपडा, पारोळा, पाचोरा अशा तालुक्याच्या गावांना दहा-बारा किलोमीटर पुरतात.

आता नकाशा उघडा. आधी उपग्रहाच्या मोजणीवरून केलेला प्रकाशप्रदूषणाचा नकाशा बघा आणि मग साध्या नकाशातला उंचसखलपणा दाखवणारा थर. पहिला नकाशा कुठे अंधार आहे ते सांगतो, दुसरा क्षितिज कुठे अडेल ते. पण उपग्रह वरून बघतो. वस्तीवर गेल्या महिन्यात बसलेला हायमास्ट, ढाब्याची फिरती पाटी, हवेतली धूळ त्याला दिसत नाही. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्यांवरचे लाल दिवे रात्रभर उघडझाप करतात. नकाशावर तो भाग बऱ्यापैकी काळा दिसतो, पण फोटो काढणाऱ्याला ते दिवे नकोसे होतात. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला चालून जातं.

डोंगर किती आकाश खाईल याचा हिशेब घरीच करता येतो. तीनशे मीटर उंचीचा डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर सुमारे सहा अंश आकाश झाकतो, म्हणजे त्रिशंकूचा पाय गेला. तोच डोंगर दहा किलोमीटरवर असेल तर दोन अंशही झाकत नाही. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, जामनेर या पट्ट्याला हे नेमकं लागू पडतं. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे, तिच्यापलीकडे पठार आहे. रांगेपासून आठ-दहा किलोमीटर अलीकडे, उघड्या बरडावर उभं राहिलं की जळगाव उत्तरेला पडतं, समोर डोंगराची बारीक रेघ आणि तिच्यावर काळं आकाश. छत्रपती संभाजीनगरची फिकट झाक दक्षिणेच्या बाजूला क्षितिजालगत दिसते, ती सहन होण्यासारखी आहे. खान्देशातल्या खान्देशात रात्रीपुरतं जाऊन यायचं असेल तर आमची पहिली पसंती या पट्ट्याला आहे.

पाटणादेवीचं नाव इथे निघणारच. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख पाटणचाच. ज्याला आकाशाची ओढ आहे त्याने तिथे एकदा माथा टेकवावा. पण दिवसा. देवळाभोवती डोंगरांचा कडा आहे, क्षितिज जवळजवळ सगळीकडून बंद होतं, आणि तो भाग गौताळा अभयारण्यात येतो. अभयारण्यात अंधार पडल्यावर परवानगीशिवाय थांबू नये, हे यावल अभयारण्यालाही लागू आहे. सातपुड्यातल्या पाल गावासारख्या ठिकाणी रात्र काढायची तर वनविभागाच्या विश्रामगृहाचं आरक्षण आधी करावं आणि आवारातूनच आकाश बघावं.

धुळेकरांना लळिंगचा किल्ला जवळ वाटतो. शहर उत्तरेला राहतं ही त्याची जमेची बाजू, पण अंतर जेमतेम दहा किलोमीटर आणि पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्ग. ग्रह दाखवायला, मुलांना नक्षत्रं शिकवायला ठीक. महामार्गाने आणखी दक्षिणेला सरकत गेलात तर मालेगाव समोर येतं, म्हणून महामार्ग सोडून आत शिरावं. नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी सरळ तोरणमाळ गाठावा. सुमारे ११५० मीटर उंचीमुळे खोऱ्यातली धूळ आणि धूर खाली राहतो, हा त्याचा खरा फायदा. सातपुड्यात असूनही तो चालतो, कारण दक्षिणेला मोठं शहर जवळ नाही. घाट उजेडातच चढा आणि यशवंत तलावाच्या अगदी काठाला बसू नका. थंडीत तिथे दव इतकं पडतं की तासाभरात दुर्बिणीची काच पांढरी होते.

जागा ठरली की दुपारी चारच्या सुमारास एक फेरी मारा. हात सरळ लांब करून मूठ धरा, तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. करंगळीचं टोक एक अंश. दक्षिण क्षितिजावर मूठ आडवी टेकवा: झाड, टेकडी, शेड अर्ध्या मुठीच्या वर येत असेल तर जागा बदला. उत्तरेला दोन मुठींपर्यंत अडथळा असला तरी ध्रुव दिसेल. मग खांब मोजा. रोहित्राजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, नव्या गोदामाजवळ दिवा असणारच, दिवसा तो विझलेला असतो म्हणून लक्षात येत नाही. पायाखालची जमीनही बघा. काळ्या मातीवर ऑक्टोबरमध्ये एक सर आली की मोटारसायकलचं चाक मडगार्डपर्यंत भरतं आणि चारचाकी जागेवर रुतते. मुरमाड बरड, खळं किंवा पक्क्या रस्त्याला लागून असलेलं माळरान घ्या. धरणाच्या भिंतीवर जाऊ नका. तिथे दिवेही असतात आणि मनाईही. मात्र जलाशयाचा उत्तर काठ, काठापासून दोनेकशे मीटर वर, ही उन्हाळ्यात फार चांगली जागा ठरते: समोर दक्षिणेला नुसतं पाणी, ना दिवा ना झाड.

शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही. पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा. रात्रीच्या पाळीची लाईट आली की शेतकरी पाणी भरायला येतात. अनोळखी गाडी दिसली की बॅटरी मारून विचारतात, "आठे काय करी राह्यनात भाऊ?" "तारा देखाले उनूत," एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि बरेचदा तेच दुर्बिणीला डोळा लावून बसतात. केळी आणि उसाच्या कडेला मात्र बैठक मांडू नका. यावल, रावेर, चाळीसगाव या भागांत बिबट्या पिकात दडतो. मुरमाड दगडी जमिनीवर फुरसं असतं, म्हणून घोट्यावर येणारे बूट घाला, दगड उचलू नका, आणि ताडपत्री पसरायच्या आधी जमीन बॅटरीने नीट बघा. एकट्याने जाऊ नये.

आता खरी परीक्षा, रात्रीची. सूर्यास्तानंतर सव्वा ते दीड तासाने आकाश पूर्ण काळं होतं. त्याआधी दिलेला निकाल धरू नये. डोळ्यांना आणखी वीस ते तीस मिनिटं अंधारात राहू द्या. या वेळात कोणी एकदा मोबाईल उघडला की सगळ्यांची अर्धा तासाची कमाई जाते. बॅटरीवर पतंगाचा लाल कागद तीन-चार पदरी लावून रबर घाला.

मग मोजा. हिवाळ्यात कृत्तिकांमध्ये सहा तारे सहज दिसले तर जागा बरी, सातवा-आठवा दिसला तर चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेचा मोठा चौकोन डोक्यावर येतो. त्याच्या आतले तारे मोजा: शहरात एखाद-दुसरा, चांगल्या जागी दहाच्या वर. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पुष्य, कर्क राशीतला तारकागुच्छ. पुनर्वसूचे दोन तारे आणि मघा यांच्या मधोमध बघा. शहरात तिथे काहीच नसतं. बऱ्या जागी काचेवर फुंकर मारल्यासारखा एक धुरकट ठिपका उमटतो, आणि नजर किंचित बाजूला वळवली की तो जास्त ठळक होतो. पुष्य नुसत्या डोळ्यांना दिसला तर जागा वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

जागा नापास झाली तर कारण शोधा, कारण दोन कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. अर्ध्या किलोमीटरवरचा एक एलईडी दिवा डोळ्यात घुसत असेल तर दहा पावलं सरकून निंबाच्या खोडाआड किंवा गाडीआड बसा, काम भागतं. पण क्षितिजापासून वर दोन-तीन मुठी आकाशच राखाडी असेल, तर ती शहराची झाक आहे. तिला आडोसा नाही, दुसरी जागाच शोधावी लागते. तिसरा प्रकार हंगामी असतो. जानेवारीपासून पऱ्हाट्या आणि धसकटं पेटतात, वीटभट्ट्या चालू असतात, आणि थंड रात्री तो धूर तापीच्या खोऱ्यात खालीच साचून राहतो. अशा वेळी दोन-तीनशे मीटर वर चढलं तरी आकाश उघडतं. एप्रिल-मेमध्ये धूळ असते आणि लग्नसराईतले आकाशात फिरणारे झोत लांबवरून दिसतात. तरीही याच महिन्यांत अवकाळीची सर पडून गेल्यावर ढग फाटले, तर ती रात्र घरात घालवू नये.

तारखेसाठी कालनिर्णय पुरतं. वद्य दशमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस घ्या. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे आधीची रात्र मोकळी मिळते. हवा सगळ्यात स्वच्छ ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. ऑक्टोबरच्या मध्यात रात्री साडेसातला आकाशगंगेचा दाट भाग नैर्ऋत्येला अडीच-तीन मुठींवर असतो, नऊनंतर तो मावळतीला लागतो, म्हणून जागेवर आधीच पोहोचलेलं बरं. त्रिशंकू एप्रिलच्या मध्यात रात्री साडेअकराच्या आसपास सरळ उभा असतो, मेच्या मध्यात साडेनऊला.

मेमध्ये पसंत केलेल्या जागेवर ऑक्टोबरमध्ये जाण्याआधी पुन्हा एक दिवसाची फेरी करा. मेमध्ये जिथे मोकळं रान होतं तिथे कपाशी छातीला लागलेली असते, ज्वारी डोक्यावर गेलेली असते, आणि लागवडीच्या वेळी गुडघ्याएवढी असलेली केळी वर्षभरात अर्ध्या मुठीचं क्षितिज दोन मुठींवर नेऊन ठेवते.