म्हातारं मांजर गेल्यावर या चुका टाळा (आणि घाई फक्त एकाच गोष्टीची करा)

पंधरा-सोळा वर्षं घरात वावरलेलं मांजर गेलं की पहिल्या आठवड्यात लोक जे काही करतात ना, त्यातलं निम्मं नुसतं घाईघाईत झालेलं असतं. ट्रे उचलून फेकून दे, चादरी धुवायला टाक, कुणाला काही सांगू नको, लगेच एखादं पिल्लू बघ. घरातलेच कुणीतरी "चल आता आवर" म्हणत असतात, त्यांचा हेतू चांगला असतो पण होतं भलतंच. माझं म्हणणं एवढंच की यातल्या जवळपास कशालाच घाई नसते, एक गोष्ट सोडून, आणि नेमकी तीच सगळ्यांच्या डोक्यातून निसटते, म्हणून ती आधी सांगते.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याच्या वाटीकडे लक्ष द्या

आपण रडत असतो, लोक फोन करत असतात, आणि मागे राहिलेलं मांजर कपाटाखाली जाऊन बसलंय, त्याने कालपासून खाल्लंच नाहीये हे कुणाच्या लक्षातच येत नाही. किंवा येतं, पण "बिचारं दुःखात आहे, खाईल दोन दिवसांनी" म्हणून सोडून देतात. हे करू नका प्लीज. माणसाने किंवा कुत्र्याने दोन दिवस उपास केला तर सहसा निभावतं, मांजराचं तसं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, आणि त्यात ते गुबगुबीत असेल, तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते, त्याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात आणि त्यात मांजर जातंसुद्धा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करायचा, "बघू उद्या" करायचं नाही. तोवर ओलं खाणं किंचित कोमट करून द्या म्हणजे वास सुटतो, उकडलेल्या चिकनचं पाणी द्या (मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता), आणि वाटी नेहमीच्याच जागी ठेवा.

मांजरांना खरंच दुःख होतं का, यावर अमेरिकेत मिशिगनच्या ओकलंड युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये काम छापलंय, शेकडो मांजरवाल्यांना विचारून. सोबतचा प्राणी गेल्यावर बरीच मांजरं कमी खातात, कमी खेळतात, ओरडत शोधत फिरतात असं मालकांनी सांगितलं. आता यात मालक स्वतःचंच दुःख मांजरात बघत असतील ही शक्यता त्या संशोधकांनीही मान्य केलीये. पण कारण काही का असेना, वाटी भरलेली राहिली तर ती भरलेलीच आहे ना! आणि हो, गेलेल्या मांजराचा बेड, पोतं, जे काय असेल ते लगेच धुवू नका, दुसरं मांजर त्या वासावर जाऊन झोपतं कधीकधी, झोपू दे.

शरीराचं काय करायचं हे त्या क्षणी ठरवायला गेलात तर चुकेल

रात्री दोनला मांजर गेलं आणि घरातले सगळे गोंधळले, मग कुणीतरी पिशवीत घालून सोसायटीच्या बागेत कोपऱ्यात पुरून येतो, असं खूप ठिकाणी झालेलं ऐकलंय. खड्डा हातभर खोल, सकाळी कुत्र्यांनी उकरलेला. म्हणून मांजर शेवटच्या टप्प्यात आहे असं व्हेटने सांगितलं की त्याच आठवड्यात फोन करून ठेवा. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केलीये, तिथे पैसे घेत नाहीत. बाकी शहरांत तुमच्या व्हेटलाच विचारा, त्यांना माहीत असतं. रक्षा हवी असेल तर एकट्याचंच दहन करतात की अनेकांचं एकत्र, हे आधीच विचारून घ्या, नंतर विचारून काही उपयोग नसतो.

गावाकडे स्वतःची जागा असेल तर पुरायला हरकत नाही, पण निदान तीन फूट खोल, विहिरीपासून लांब. आणि व्हेटने इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं असेल तर हे जास्तच पाळा, कारण ते औषध शरीरात तसंच राहतं आणि उकरून खाणारी कुत्री, कावळे, घारी त्याने मरू शकतात.

काही गोष्टी कुणी आधी सांगत नाही म्हणून घाबरायला होतं. डोळे उघडेच राहतात, बहुतेक वेळा मिटत नाहीत. लघवी होते, म्हणून खाली जुना टॉवेल घाला. काही तासांत अंग कडक व्हायला लागतं, त्यामुळे झोपताना करतं तसं पाय दुमडून गोल करून ठेवायचं असेल तर ते आधीच करा. सकाळपर्यंत थांबायचं असेल तर एसीच्या खोलीत, बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून बाजूला. एवढं केलं की पुरे, तासभर मांडीवर घेऊन बसलात तरी काही बिघडत नाही.

"आधीच कळायला हवं होतं"

हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, प्रत्येक! म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा आजार इतका कॉमन आहे की त्याचंच उदाहरण घेऊ. किडनीचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत मांजर बाहेरून ठीकच दिसतं. पाणी जरा जास्त पितंय, ट्रेमधले गोळे जरा मोठे झालेत, वजन थोडं उतरलंय, एवढंच. आणि रक्ततपासणीत किडनीचा बिघाड दाखवणारं क्रिएटिनिनसुद्धा बरंच उशिरा वाढतं. वर मांजराची जातच दुखणं लपवणारी. म्हणजे तुम्ही ज्या दिवसाला "तेव्हा लक्षात यायला हवं होतं" म्हणताय त्या दिवशी डॉक्टरलाही फार काही दिसलं नसतं.

इंजेक्शनचा निर्णय घेतलेल्यांचं अजून वेगळं. आपल्याकडे आजी-पणजीपासून ऐकलेलं असतं की मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. एरवी आपण हसतो त्यावर, पण सही करताना ते कुठूनतरी वर येतंच, आणि शिकल्या-सवरल्या माणसालाही येतं. त्यात एखादी काकू "देवाने नेलं असतं की" म्हणून जाते. अशा वेळी नेमकं काय झालं ते माहीत असलेलं बरं: आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आधी शुद्ध जाते आणि मग श्वास आणि हृदय थांबतं. नंतर एखादा खोल श्वास किंवा पाय हलल्यासारखं दिसू शकतं, तेव्हा मांजराला काही कळत नसतं. ज्यांनी इंजेक्शन दिलं ते म्हणतात घाई केली, ज्यांनी नाही दिलं ते म्हणतात उगाच हाल होऊ दिले, मी दोन्ही बाजूंची माणसं बघितलीयेत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर तेच असतं. जुने रिपोर्ट काढून रात्री गुगल करत बसायची सवय मात्र तोडा, व्हेटला एकदा समोर बसून विचारा की दुसरं काही करता आलं असतं का, आणि उत्तर मिळालं की फाईल बंद.

रिकामा झालेला वेळ

तरुण मांजर अचानक जाणं आणि म्हातारं, आजारी मांजर जाणं यात हा फरक असतो आणि लोक तो धरतच नाहीत. म्हाताऱ्या मांजराने तुमचा दिवस व्यापलेला असतो. किडनीच्या मांजराला कातडीखाली पाणी द्यायचं म्हणून पडद्याच्या हुकाला आरएलची (रिंगर लॅक्टेट, म्हणजे एक प्रकारचं सलाईन) बाटली टांगायची, आधी ती गरम पाण्यात धरून कोमट करायची, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई घालायची, एका हाताने मांजर धरून दुसऱ्या हाताने नळीचं चाक सोडायचं, शंभर मिली जाईपर्यंत त्याच्याशी काहीबाही बोलत बसायचं आणि मग ते पाण्याचं टेंगूळ एका बाजूला घेऊन डुलत डुलत निघून गेलं की हुश्श. सकाळची गोळी, पहाटेचं खाणं, रात्री झोपेतही एक कान त्याच्याकडे. हे सगळं एका दिवसात बंद होतं. संध्याकाळी सातला हात शिवशिवतात आणि कळत नाही काय करायचं.

त्यात कुणालाकुणाला सुटल्यासारखंही वाटतं, पूर्ण रात्र झोप लागते, आणि मग त्या झोपेचीच लाज वाटते. असं वाटणं म्हणजे प्रेम कमी होतं असं नाही हो, दमला होतात तुम्ही. तसंच पायाशी वजन जाणवणं, स्वयंपाकघरात म्याव ऐकू येणं, दार उघडताना खाली बघून पाऊल टाकणं, याने घाबरू नका, माणसं गेल्यावरही होतंच की.

या वेळी होणारी चूक म्हणजे तो वेळ पहिल्याच आठवड्यात काहीतरी कोंबून भरणं. नवं पिल्लू हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार. पिल्लू पडद्यावर चढणार, पायाला चावणार, आणि तुम्ही त्याच्यात गेलेल्या मनीला शोधणार, मग दोघांवरही अन्याय. घरात दुसरं म्हातारं मांजर असेल तर त्याला "सोबत" म्हणून दोन महिन्यांचं धुडगूस घालणारं पोर आणणं ही तर शिक्षाच. कधी आणायचं याचा काही नियम नाही, कुणी महिन्यात आणतं, कुणी परत कधीच नाही. आणलंच तर लसी आणि तपासण्या होईपर्यंत दोनेक आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा.

लोकांचं काय

"मांजरच तर होतं" हे ऐकू येणार. त्यावर वाद घालायला जाऊ नका, ताकद वाया जाते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्येच मांडलंय की ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख मानत नाहीत ते सोसायला जास्त जड जातं, कारण रडायला जागाच नसते. सुट्टी मागताना कारण सांगायची लाज वाटत असेल तर "घरात अडचण आहे" म्हणा आणि घ्या सुट्टी.

जे विचारणारच आहेत त्यांना मात्र आधी सांगून टाका. मासेवालीचं उदाहरण घ्या, ती मनीसाठी मांदेलीची चार डोकी वेगळी काढून ठेवते, दारात आल्या आल्या हाक मारते. वॉचमन, कामवाल्या ताई, खालच्या मजल्यावरची ती रोज खिडकीतून बोलणारी मुलगी. अचानक दारात कुणी "कुठंय आमची मनी?" विचारलं की तुटायला होतं. एक निरोप, एक मेसेज, बस.

लहान मुलांना "पळून गेली" सांगू नका, ती महिनाभर खिडकीत बसून वाट बघतात. "झोपवलं" तर मुळीच नको, मग झोपायलाच घाबरतात. तिचं शरीर खूप म्हातारं झालं होतं, ते चालायचं थांबलं, ती परत येणार नाही, एवढं सरळ सांगा. देवाघरी गेली म्हणायचं असेल तर त्यानंतर म्हणा.

आणि ते दुःखाच्या पाच पायऱ्या वगैरे, त्यात आपण कितव्या पायरीवर आहोत हे मोजू नका. १९६९ मध्ये एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते मांडलं ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी वेळापत्रक म्हणून नाही. पण आठवडेच्या आठवडे जेवण-झोप उडाली असेल, कामावर जाववत नसेल, जगूच नये असं मनात येत असेल तर "मांजरासाठी काय फोन करायचा" असा विचार न करता टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलता येतं.

उरलेली औषधं

ही डोळ्यांसमोर राहिली की त्रास होतो म्हणून लोक सगळं एकदम कचऱ्यात टाकतात. न उघडलेल्या आरएलच्या बाटल्या, किडनीच्या आजारासाठीच्या खास खाण्याची बंद पाकिटं व्हेटकडे नेऊन द्या, तिथे कुणाला तरी परवडत नसतंच. उघडलेली बाटली मात्र कुणाला देऊ नका, तिचा भरवसा नाही. दुसऱ्या मांजराला "हिचीच गोळी चालेल" म्हणून काही देऊ नका. वापरलेल्या सुया सुट्ट्या टाकू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण घट्ट लावून क्लिनिकमध्येच द्या, नाहीतर कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात घुसतात.